मानमोडी, बर्ड फ्लू आणि विषाणूच्या अंगावरील बारीक बदल

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. मेलेल्या कावळ्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा पशुसंवर्धन खात्याने नमुने तपासणीस पाठविले. त्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू आढळला आणि शहराच्या दहा किलोमीटर परिसरात सतर्कता जाहीर झाली. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातल्या किवळा गावी कोंबड्यांची पिले मेली. तेथेही निदान तेच निघाले.

मराठवाड्यास हा रोग नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातली केंद्रेवाडी या गावांनी तो पाहिला आहे. त्याही पूर्वी, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत या रोगाची भारतातील पहिली नोंद झाली होती.

अशा वेळी गावोगावी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. कोंबड्या पूर्वीही मरत. मानमोडीची साथ तर आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होती. मग एखाद्या वर्षी कोंबड्यांना थोडी सर्दी होते, अंडी जरा कमी पडतात आणि चार दिवसांत सारे सुरळीत होते. तर दुसऱ्या एखाद्या वर्षी संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या सकाळी खुराड्यात मरून पडलेल्या दिसतात, असे का व्हावे? दोन्ही वेळी प्रयोगशाळा एकाच जातीच्या विषाणूचे नाव सांगते, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी विषाणूच्या बाह्यांगावरील एका प्रथिनात सापडते. हे उत्तर गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे, इतके ते उपयोगाचे आहे. लस कोणत्या वयात द्यावयाची, मर झाल्याची वर्दी तत्काळ का द्यावयाची आणि आजारी कोंबडी आठवडी बाजारात का न्यावयाची नाही, या तिन्ही गोष्टींचे कारण त्यातून कळते.

विषाणूच्या अंगावरील काटे

विषाणू हा जंतूहूनही लहान असतो. इन्फ्लुएंझाचा, म्हणजे फ्लूचा, विषाणू सुमारे एक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या आत वंशसूत्रांचे आठ तुकडे असतात आणि बाहेर चरबीसारख्या द्रव्याचे पातळ आवरण असते. धोतऱ्याच्या बोंडावर काटे असावेत तसे या आवरणावर शेकडो काटे उभे असतात. हे काटे प्रथिनांचे असून त्यांच्या अंगावर साखरेच्या लहान साखळ्या चिकटलेल्या असतात. म्हणून त्यांस शर्करायुक्त प्रथिने म्हणतात.

फ्लूच्या विषाणूवर असे काटे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला हिमॅग्लुटिनिन. त्याच्या साहाय्याने विषाणू कोंबडीच्या पेशीला चिकटतो व आत शिरतो. दुसरा न्यूरॅमिनिडेज. नवे विषाणू तयार झाल्यावर त्यांना पेशीपासून सोडविण्याचे काम तो करतो. एच५एन१ या नावातील ‘एच’ व ‘एन’ ही या दोन काट्यांचीच आद्याक्षरे होत, आणि पुढील आकडे त्यांचे प्रकार दाखवितात.

मानमोडीचा, म्हणजेच राणीखेत रोगाचा, विषाणू निराळ्या कुळातील आहे. परंतु त्याच्याही अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. एक पेशीला चिकटण्याचे काम करतो आणि दुसरा विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाशी जोडून आतला मार्ग मोकळा करतो. हा दुसरा काटा एफ प्रथिन या नावाने ओळखला जातो. दोन्ही रोगांची तीव्रता ज्या स्थानाशी निगडित आहे, ते स्थान याच काट्यांत आहे.

पेशीतील कारखाना आणि चाळणी

विषाणूस स्वतःचे काटे स्वतः घडविता येत नाहीत. तो कोंबडीच्या पेशीत शिरतो आणि पेशीचाच कारखाना आपल्या कामाला जुंपतो. काटा तयार होऊन बाहेर येईपर्यंत त्याचा प्रवास कसा होतो, हे लातूरच्या डाळ गिरणीच्या उदाहरणाने ध्यानात येईल. गिरणीत आलेली तूर एकदम पोत्यात भरली जात नाही. ती भिजविली जाते, वाळविली जाते, भरडली जाते, चाळली जाते, आणि मग पोते मोंढ्याकडे निघते.

पेशीत प्रथमतः प्रथिनाचा लांब धागा विणला जातो. फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनचा धागा सुमारे साडेपाचशे अमिनो आम्लांचा असतो. अमिनो आम्ले ही या धाग्यात ओवलेल्या मण्यांप्रमाणे होत. हा धागा पेशीतील अंतर्द्रव्यजालिका नावाच्या नळ्यांच्या जाळ्यात शिरतो. तेथे त्यावर साखरेच्या साखळ्या चढविल्या जातात, त्याची योग्य घडी पडते, आणि तसे तीन धागे एकमेकांस चिकटून एक काटा बनतो. यानंतर तो काटा गॉल्जी पिंड नावाच्या दुसऱ्या विभागात जातो. तेथे त्याची पुढील घडण पुरी होते आणि शेवटी तो पेशीच्या पृष्ठभागावर येऊन उभा राहतो. नवे विषाणू तेथूनच काट्यांसह बाहेर पडतात.

या जालिकेत एक चोख चाळणी आहे. ज्या प्रथिनाची घडी नीट पडली नसेल, त्यास ती पुढे जाऊ देत नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी हिमॅग्लुटिनिनमध्ये मुद्दाम निरनिराळे बदल करून पाहिले. ज्या बदलांमुळे घडी बिघडली, ती प्रथिने जालिकेतच अडकून राहिली. पृष्ठभागावर पोहोचलीच नाहीत. काही बदल असेही असतात की, कमी तापमानात घडी बरोबर पडते, पण तापमान वाढताच ती मोडते. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तेवढ्या उष्णतेत टिकेल अशीच घडी तेथे उपयोगी पडते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विषाणूत होणारे बहुतेक बदल त्याच्या मुळावरच येतात. काटा चाळणीत अडकला की त्या विषाणूचा वंश खुंटला. पण क्वचित एखादा बदल असा होतो की, चाळणीतून काटा सहीसलामत पार पडतो आणि शिवाय विषाणूच्या अंगी पूर्वी नसलेले सामर्थ्य येते. धोका अशाच बदलाचा असतो.

शेंग कोठे फुटते?

तयार झालेला काटा लगेच कामास येत नाही. तो बंद शेंगेसारखा असतो. एका विशिष्ट जागी त्याचे दोन भाग व्हावे लागतात. हा काप पडल्याखेरीज विषाणू पेशीला चिकटला तरी आत शिरू शकत नाही. काप पडल्यावर मात्र पेशीच्या आतील आम्लयुक्त पोकळीत पोहोचताच फ्लूचा काटा स्प्रिंगेप्रमाणे आपला आकार बदलतो, आणि विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाशी एकरूप होते.

हा काप विषाणू स्वतः घेत नाही. तो कोंबडीच्या शरीरातील विकरांकडून, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांकडून, घेतला जातो. सौम्य विषाणूच्या काट्यात कापाच्या जागी बहुधा आर्जिनिन या अमिनो आम्लाचा एकच मणी असतो. त्यावर काप घेऊ शकणारी विकरे मुख्यतः श्वासमार्गात व आतड्यातच आढळतात. म्हणून सौम्य विषाणूचा उपद्रव त्या दोन ठिकाणांपुरताच राहतो. कोंबडी शिंकते, थोडी हगवण लागते, अंडी घटतात आणि बहुधा ती बरी होते.

जहाल विषाणूत त्याच जागी आर्जिनिन व लायसिन या मण्यांची रांगच लागलेली असते. अशी रांग फ्युरिन नावाचे विकर ओळखते. हे फ्युरिन शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या गॉल्जी भागात असते. म्हणजे काटा पृष्ठभागाकडे निघाला असतानाच, वाटेतच, त्यावर काप पडतो. मग विषाणूस श्वासमार्गाची वा आतड्याची गरज उरत नाही. हृदय, मेंदू, यकृत, रक्तवाहिन्या, सर्वत्र तो वाढतो. तुरा निळा पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताळलेले डाग दिसणे आणि एकाएकी मृत्यू येणे, ही लक्षणे त्यामुळेच दिसतात.

सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हा फरक लगेच उमगेल. एक वाण असा असतो की, त्याची शेंग खळ्यावर मळणी केल्यावरच फुटते. दुसरा असा की, ऊन लागताच ती उभ्या पिकात तडकते आणि दाणे रानभर विखुरतात. बाहेरून पाहता दोन्ही शेंगा सारख्याच. फरक असतो तो शिवणीत. सौम्य आणि जहाल विषाणूंतला फरकही असाच शिवणीतला आहे.

पक्ष्यांतील फ्लूच्या विषाणूंत हिमॅग्लुटिनिनचे सोळा प्रकार फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. निसर्गात कोंबड्यांना जहाल ठरलेले विषाणू मात्र एच५ व एच७ या दोनच प्रकारांतून निघालेले आहेत. म्हणून हे दोन प्रकार कोंबड्यांत सौम्य रूपात आढळले तरी पशुवैद्यक त्यांकडे दुर्लक्ष करीत नाहीत.

साखरेची एक साखळी गळाली

शिवणीतील मणी बदलले नाहीत, तरीही कधी कधी अनर्थ ओढवतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एप्रिल १९८३ मध्ये कोंबड्यांत एच५एन२ विषाणूची सौम्य साथ आली होती. मर कमी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तोच विषाणू एकाएकी जहाल झाला. साथ आटोक्यात आणण्यासाठी एक कोटीहून अधिक पक्षी नष्ट करावे लागले.

शास्त्रज्ञांनी सौम्य व जहाल या दोन्ही विषाणूंचे काटे ताडून पाहिले. शिवणीच्या जागी अल्कधर्मी मण्यांची रांग दोहोंतही होती. मग सौम्य विषाणूची शेंग का फुटत नव्हती? कारण असे निघाले की, त्याच्या शिवणीजवळ साखरेची एक साखळी होती आणि तिने ती जागा झाकून टाकली होती. कापणारे विकर तेथवर पोहोचू शकत नव्हते. पुढे काट्यातील एक मणी बदलला. त्या बदलामुळे साखळी बसण्याची खूणच नाहीशी झाली. साखळी गळाली, शिवण उघडी पडली, आणि सहा महिन्यांपूर्वी निरुपद्रवी वाटणारा विषाणू कोंबड्यांचा काळ ठरला. एका मण्याच्या बदलाचा हा परिणाम होता.

मानमोडीच्या दोन बाटल्या

हीच गोष्ट अधिक जवळून पाहावयाची असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यातील बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या लसीच्या दोन बाटल्यांकडे पाहावे.

१९२६ च्या सुमारास जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे कोंबड्यांचा एक जहाल रोग प्रथम वर्णिला गेला. त्यानंतर लवकरच तो कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला, आणि आपल्या देशात त्यास राणीखेत हे नाव पडले. मान वाकडी होणे, पंख व पाय लुळे पडणे, तोंड उघडून श्वास घेणे आणि हिरवट-पांढरी हगवण ही त्याची लक्षणे होत. मानमोडी हे मराठी नाव या वाकड्या मानेवरूनच आले आहे.

या रोगाविरुद्ध दोन लसी सर्वत्र वापरल्या जातात. पहिली लासोटा. ती पिलास पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून देतात. दुसरी आर२बी. ती मुक्तेश्वर येथील सरकारी पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत सिद्ध झालेल्या वाणापासून करतात आणि सहा ते आठ आठवडे वयाच्या पक्ष्यास टोचतात. दोन्ही बाटल्यांत जिवंत विषाणूच असतो. मग एक आठवड्याच्या कोवळ्या पिलास चालते आणि दुसरी चालत नाही, याचे कारण काय?

लासोटा विषाणूच्या एफ प्रथिनातील शिवण साधी आहे. ती श्वासमार्ग व आतडे येथेच उघडते. त्यामुळे पिलाच्या शरीरात रोगप्रतिकारशक्ती निर्माण होते, पण रोग पसरत नाही. आर२बी विषाणूच्या शिवणीत मात्र अल्कधर्मी मण्यांची रांग आहे. अंड्यांतून वारंवार वाढवून शास्त्रज्ञांनी त्याचा जोर पुष्कळ कमी केला आहे. तरीही लहान पिलास तो सोसवत नाही. मोठ्या पक्ष्यात, विशेषतः लासोटा आधी दिलेली असल्यास, तो दृढ व दीर्घकाळ टिकणारे संरक्षण देतो. ‘लासोटा आधी, आर२बी नंतर’ हा क्रम म्हणूनच ठरविलेला आहे. हे कळले म्हणजे ‘लस तीच, केव्हाही टोचली तरी काय बिघडते?’ असे कोणी म्हणणार नाही.

सौम्य विषाणू जहाल होण्याचे उदाहरण मानमोडीतही आहे. १९९८ ते २००० या काळात ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात मानमोडीचा उद्रेक झाला. विषाणू परदेशातून आलेला नव्हता, असे तपासाअंती दिसून आले. त्याच मुलखात कोंबड्यांत सौम्यपणे वावरणाऱ्या विषाणूच्या शिवणीत दोन लहान बदल होऊन तो जहाल बनला होता.

बदल होतात कसे?

पूर्वी गावातील तलाठी सात-बाऱ्याची नक्कल हाताने उतरून देत असे, तेव्हा तो ती मूळ दप्तराशी ताडून पाहत असे. फ्लू व मानमोडी यांच्या विषाणूंत अशी ताडून पाहण्याची सोय नाही. फ्लूच्या वंशसूत्रांत सुमारे साडेतेरा हजार अक्षरे असतात. त्यांची नक्कल करताना चुका राहून जातात आणि त्या तशाच पुढच्या पिढीत उतरतात. एका पेशीतून हजारो विषाणू बाहेर पडतात, तेव्हा त्यांत अनेक चुकार नकला असतात. या चुकांनाच उत्परिवर्तन म्हणतात.

वर सांगितल्याप्रमाणे बहुतेक चुका चाळणीतच संपतात. पण विषाणूस जितके अधिक पक्षी मिळतील तितक्या अधिक नकला होतात आणि घातक चूक घडण्याचा संभव वाढतो. दाटीवाटीने पक्षी ठेवले, नव्या-जुन्या पक्ष्यांची सरमिसळ केली, आजारी कोंबडी बाजारात नेली आणि तिच्या शेजारी दहा गावांच्या कोंबड्या ठेवल्या, तर विषाणूला नवे रान मोकळे करून दिल्यासारखे होते. विषाणूतील चूक कोणास थांबविता येत नाही. तिला मिळणारी संधी मात्र शेतकरी कमी करू शकतो.

हा धोका कोंबड्यांपुरता मर्यादित नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ ची लागण १८ माणसांना झाली व त्यांपैकी ६ दगावली. २००३ पासून जगात अशा ९०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली असून त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या या विषाणूने मेले. त्याच वर्षीच्या मार्चपासून अमेरिकेत दुभत्या गाईंतही तो आढळू लागला. माणसामाणसांत तो सहजी पसरत नाही, कारण त्याचा काटा पक्ष्यांच्या पेशींवरील खुणेला अधिक पसंत करतो. परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, काट्यातील पकडीची जागा, त्यावरील साखरेची एक साखळी आणि काट्याची मजबुती यांत मोजकेच बदल झाले, आणि त्यांस आणखी एखाद्या बदलाची जोड मिळाली, तर हा विषाणू फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांत हवेवाटे पसरू शकतो. यास्तव कोंबड्यांतील साथ कोंबड्यांतच आणि लवकर संपविणे, हे माणसाच्याही हिताचे आहे.

गावात काय करावयाचे?

मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे पुष्कळदा इतकी सारखी असतात की, नुसत्या पाहण्याने भेद करता येत नाही. म्हणून ‘ही आपली नेहमीचीच मानमोडी’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. निदान प्रयोगशाळेनेच करावयाचे असते. महाराष्ट्रातील नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात आणि बर्ड फ्लूचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. शेतकऱ्याने व कार्यकर्त्याने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

एक, एकाएकी अनेक पक्षी मेले, किंवा कावळे, बगळे यांसारखे रानपक्षी मरून पडलेले दिसले, तर त्याच दिवशी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये व तो फाडून पाहू नये. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली केलेल्या कायद्यानुसार अशा रोगाची वर्दी गावच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

दोन, आजारी वा मेलेली कोंबडी विकू नये, पाहुण्याकडे पाठवू नये, उकिरड्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. उकिरड्यावर टाकलेल्या कोंबडीवर कावळे, कुत्री व मांजरे येतात आणि रोगाला वाट मिळते. थंड हवेत हा विषाणू विष्ठेत महिनाभरही टिकू शकतो. म्हणून खुराड्यातील खत, भांडी व पायताण यांच्याकडेही लक्ष द्यावे.

तीन, बाजारातून आणलेला नवा पक्षी निदान दोन आठवडे वेगळा ठेवावा. कोंबड्यांचे दाणा-पाणी रानपक्ष्यांना शिवता येणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो छपराखाली, ठेवावे. दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊन आल्यावर हातपाय साबणाने धुऊनच आपल्या कोंबड्यांकडे जावे.

चार, मानमोडीची लस वेळापत्रकाप्रमाणे द्यावी. जिवंत लस उष्णतेने निकामी होते. ती बर्फातच आणावी, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्यावी आणि पातळ केल्यावर सुमारे दोन तासांत संपवावी. उन्हात तापलेली लस टोचणे आणि लस न टोचणे यांत फरक नाही. लस निरोगी पक्ष्यांसच द्यावी. गावातील सर्व घरांच्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस दिली तर काम सोपे होते व संरक्षणही पक्के मिळते.

पाच, चांगली शिजविलेली अंडी व कोंबडीचे मांस खाण्यास भय नाही. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की विषाणू मरतो. अफवांमुळे खाणारे थांबतात, भाव कोसळतात, आणि ज्यांच्या कोंबड्या निरोगी असतात त्यांचेही नुकसान होते. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गावसभेत समजावून सांगावी.

वर्दी देण्यास लोक का कचरतात?

बर्ड फ्लूचे निदान झाले की रोगाच्या केंद्रापासून एक किलोमीटरच्या आतील कोंबड्या नष्ट कराव्या लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावी लागते. ज्या घरात पाच-सात कोंबड्या हीच घरच्या बाईची स्वतःची मिळकत आहे, अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, त्या घरास हा आघात लहान नाही. तिच्या डोळ्यांदेखत धडधाकट दिसणारी तलंगही नेली जाते, तेव्हा ‘उगाच कळविले’ असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने या दुःखाची उपेक्षा करू नये.

परंतु तिला दोन गोष्टी शांतपणे सांगाव्यात. पहिली अशी की, सरकारी नुकसानभरपाई ही नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांबद्दल मिळत नाही. वर्दी देण्यास जितका उशीर, तितके भरपाईवाचून गेलेले पक्षी अधिक. म्हणून ज्या घरांत कोंबड्या आहेत त्यांची संख्या कार्यकर्त्याने आधीच नोंदवून ठेवावी, म्हणजे भरपाईच्या वेळी तंटा होत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आज धडधाकट दिसणाऱ्या तलंगेच्या शरीरात विषाणू शिरलेला असू शकतो. जहाल विषाणूच्या काट्यावरील काप प्रत्येक पेशीत आपोआप पडतो. त्यामुळे लागण आणि मृत्यू यांत फारसा अवधी राहत नाही. ती तलंग जवळच्या बाजारात दीडशे-दोनशे रुपयांस विकली गेली, तर त्या बाजारातून रोग दुसऱ्या एखाद्या खुराड्यात पोहोचेल. तेथेही अशीच एखादी बाई असेल आणि तिचीही पाच-सात कोंबड्यांची मिळकत असेल.

उदगीरचे कावळे आणि किवळ्याची पिले यांचे नमुने वेळेवर तपासले गेले, म्हणूनच तेथे पुढील उपाय करता आले. सौम्य विषाणू कोणत्या दिवशी जहाल होईल हे कोणास सांगता येत नाही. पेनसिल्व्हेनियात त्यास एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच काळ लागला. म्हणून शेतकरी बंधुभगिनींनी व कार्यकर्त्यांनी खुराड्यातील पहिल्याच मरीची दखल घ्यावी, त्याच दिवशी दवाखान्याची वाट धरावी आणि मानमोडीची लस कोणत्याही कारणाने चुकवू नये.